हुबळीहून, दुपारी दीड वाजता

"काकू, 'आजोळची पहाट' म्हणजे काय?" गौतमीने विचारलं.

"म्हणजे आजोळची पहाट."

"आणि आत काय आहे?"

"चकलीची भाजणी."

गौतमीने कॉम्प्युटरवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "आता मला सांगा. एका बाईची चकली बिघडलीय. हात तेलकट, कढई गॅसवर, सासू डोक्यावर. ती नेटवर काय शोधेल? चकलीची भाजणी. तिला कसं कळावं, की ती तुमच्या आजोळच्या पहाटेत लपून बसलीय?"

मला हसू फुटलं. पलीकडे भिंतीला टेकून आई लसूण सोलत होती. तिला ऐकू येत नसे, पण कुणी हसलं की ते तिच्या डोळ्यांतून सुटायचं नाही. "काय म्हणते गं पोरगी?" तिने विचारलं.

मी खिळ्यावरची पाटी काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुझी चकली सापडत नाही म्हणते.'

आईने पाटी लांब धरून वाचली. "डब्यात आहे की. वरच्या फळीवर," ती म्हणाली आणि पुन्हा लसणाकडे वळली.

ही तेरा वर्षांपूर्वीची दिवाळी. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते, आई चौऱ्याऐंशीची. मिरजेच्या घरात आम्ही दोघीच. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गौतमी ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. पुण्यात लोकांच्या वेबसाइट सुधारून देणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. दिवाळीला चार दिवस आली होती आणि काकूचा ब्लॉग सुधारून द्यायचा असं ठरवूनच आली होती.

ब्लॉग मी सात-आठ महिन्यांपूर्वी सुरू केला होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठायचा. आईच्या हातचे पदार्थ तिला विचारून विचारून लिहायला लागले. तिच्या मापांत 'मावेल तेवढं' आणि 'हाताला कळेल तसं' यापलीकडे काही नव्हतं, म्हणून मी शेजारी वाटी-चमचा घेऊन बसायचे. आणि ब्लॉगचा एक वेगळा कप्पा होता, 'आईचा दिवस'. त्यात रोज चार-सहा ओळी. आई काय जेवली, काय बोलली, रात्री झोप लागली का. 'आज आईने अर्धी भाकरी आणि दूध घेतलं. मग म्हणाली, हल्ली पापड यंत्रावर लाटतात, माणसाचा हात लागत नाही, म्हणून तेलात टाकले की रुसतात.' असलं काहीतरी.

गौतमीने ब्लॉगला आकड्यांचं एक पान जोडून दिलं. कोणत्या पानावर किती लोक आले, कुठल्या गावाहून आले, काय शोधत आले, किती वेळ थांबले, सगळं त्यात दिसायचं. मला गंमत वाटली. एक्स्चेंजमध्ये माझ्यासमोर असाच बोर्ड असायचा. एकेक दिवा म्हणजे एकेक माणूस.

"हे बघा," गौतमी म्हणाली. "पुरणपोळीच्या पानावर दोनशे जण आले. वीस सेकंदांत गेले."

"का?"

"कारण पहिले चार परिच्छेद तुमच्या मावशीच्या लग्नाचे आहेत. डाळ पाचव्यात भिजते."

"लग्न महत्त्वाचं होतं गं."

"तुम्हाला. भुकेल्या माणसाला आधी साहित्य आणि प्रमाण द्या. लग्न खाली ठेवा. ज्याला वाचायचंय तो थांबेल."

तिने सांगितलेलं मी एकेक करत गेले. नावं साधी ठेवली. साहित्य वर आणलं. फोटो लहान केले, कारण मोठे फोटो उघडेपर्यंत लोक निघून जायचे. 'चकली मऊ का पडते' असं खूप जण शोधत होते, तर त्याच नावाने एक पान लिहिलं. आईला पाटीवर विचारलं, तिने तीन कारणं सांगितली. तीन दिवसांत त्या पानावर नऊशे माणसं आली. नऊशे! मी आईला आकडा लिहून दाखवला.

"एवढ्यांच्या चकल्या मऊ पडल्या?" आई म्हणाली. "काय दिवस आलेत."

गौतमी निघण्याच्या आदल्या दिवशी तिने शेवटचा कप्पा उघडला.

"काकू, हे 'आईचा दिवस' छान आहे. पण बघा, एक. एक. दोन. एक. कुणी वाचत नाही."

"एक जण वाचतंय की."

"हो, एकच. हुबळीहून. रोज दुपारी दीडच्या सुमाराला." ती माझ्याकडे वळली. "काकू, कुंदामावशी हुबळीला असतात ना?"

"तिच्याकडे कुठला कॉम्प्युटर," मी म्हणाले.

"असेल आता. नाहीतर दुसरं कुणी असेल. तसं हे गाव नेहमी बरोबरच असतं असं नाही. कधीकधी भलतंच दाखवतं." तिने खांदे उडवले. "आकड्यांच्या हिशेबाने हा कप्पा काढायला हवा. रोजचा तुमचा अर्धा तास त्यात जातो. तेवढ्यात आठवड्याला दोन पाककृती होतील. पण ब्लॉग तुमचा आहे. बघा तुम्ही."

कुंदा माझी धाकटी बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्याशी मी चार वर्षं बोलले नव्हते.

अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला ती आली होती. वीस माणसांचा स्वयंपाक होता आणि आई चुलीपुढे होती. तिला मी बस म्हटलं तरी ती बसणारी नव्हती, हे खरं. पण मी फार वेळा म्हटलंही नव्हतं, हेही खरं. कुंदा पानावर बसली, वाढून झालं, आणि आई पोळी घेऊन आली तेव्हा तिचा हात थरथरला, तूप सांडलं. कुंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, तू आईला सांभाळत नाहीस. राबवतेस."

मी म्हणाले, "मग घेऊन जा की. तुझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये."

त्या दोन खोल्यांतल्या एकीत तिच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. मला ते माहीत होतं. म्हणूनच म्हणाले.

कुंदा भरल्या ताटावरून उठली. हात धुतला, पिशवी घेतली, स्टेशनवर गेली. आईला काय झालं ते ऐकूच आलं नव्हतं. तिने कुंदाचं ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला त्याला हात लावू दिला नाही.

आईला फोनवर बोलता येत नसे. पहिलं वर्षभर कुंदाची तिला पत्रं येत. आईचा हात लिहिताना कापायचा, म्हणून उत्तर मला सांगायची. कुंदाला माझं अक्षर नको होतं आणि मला तिचं नाव लिहायला नको होतं. उत्तरं लांबत गेली, मग पत्रंही. आई अधूनमधून विचारायची, "कुंदीचं काही आलं?" मी नाही म्हणून मान हलवायचे.

गौतमी गेली त्यानंतरच्या आठवड्यात आईला ताप आला. तीन दिवस होता. मी तो कप्प्यात लिहिला. उतरला तेही लिहिलं. आणि नोव्हेंबरच्या शेवटी 'आईचा दिवस' लिहिणं बंद केलं. निरोपाची ओळसुद्धा टाकली नाही.

मग माझे दिवस भराभर गेले. सकाळी उठल्यावर चहाआधी कॉम्प्युटर लावायचा. आलेख वर गेलेला दिसला की चहा गोड लागायचा. आईचा चहा सातचा साडेसातला गेला, मग आठला. ती काही म्हणायची नाही. पाटावर बसून माझ्या पाठीकडे बघत राहायची. कधी विचारायची, "किती आले गं आज?" मी आकडा लिहायचे. ती म्हणायची, "अरे वा. आणि मला कधी देतेस चहा?"

डिसेंबरात मी संक्रांतीची तयारी सुरू केली. गौतमी फोनवर म्हणाली होती, लोक पंधरा दिवस आधीपासून शोधतात, तुमचं पान त्याच्या आधी तयार हवं. गुळाची पोळी फुटते का, तिळाची वडी खुटखुटीत कशी होते, हलवा घरी कसा करायचा. आईला विचारायला गेले की ती नीट सांगायची, पण मधेच दमून डोळे मिटायची. मला वाटलं, थंडी आहे.

जानेवारीच्या दोन तारखेला तिला खोकला झाला. चारला डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, छाती भरलीय, वय आहे, औषध देऊ, बघू. सहाला ती फक्त पेज घेत होती. मी तिच्याजवळ असायचे, नाही असं नाही. पण गुळाच्या पोळीच्या पानावर त्या आठवड्यात चार हजार माणसं आली होती आणि लोक खाली प्रश्न विचारत होते. मी आईला औषध दिलं की त्यांना उत्तर द्यायला जायचे.

नऊ तारखेला दुपारी आईने मला खुणेने बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

"कुंदीला कळवलंस?"

मी पाटी घेतली. खडू हातात धरून जरा थांबले. मग लिहिलं, 'हो.'

तिने वाचलं. "येतेय?"

मी खाली लिहिलं, 'येतेय.'

"मग माझे केस विंचर," आई म्हणाली. "अशा अवतारात नको बघायला तिने."

मी तिचे केस विंचरले. पातळ अंबाडा घातला. त्यानंतर दोन दिवस ती दर थोड्या वेळाने दाराकडे मान वळवायची. आज फोन करू, संध्याकाळी करू, डॉक्टर येऊन गेले की करू, असं मी म्हणत राहिले. एकदा हुबळीचे आकडे फिरवायलाही घेतले. अर्ध्यात फोन ठेवून दिला. चार वर्षांनी मी आधी बोलायचं, हे माझ्या जिभेवरच येत नव्हतं.

अकराला सकाळी सव्वासहाला आई गेली.

मी उठले. आधी पाटी ओल्या फडक्याने पुसली. तिच्यावर अजून 'हो' आणि 'येतेय' तसंच होतं. मग फोन लावला.

पलीकडून कुंदाचा आवाज आला. "हॅलो?"

"कुंदे," मी म्हणाले.

"अक्का?" ती म्हणाली. आणि मग लगेच, "कधी?"

ती दुपारी तीनच्या सुमारास पोचली. आईचा चेहरा बघून म्हणाली, "केस किती छान घातलेत." एवढंच. मग आईच्या पायांशी बसली आणि उचलायची वेळ होईपर्यंत हलली नाही.

दहाव्या दिवशी पाहुणे पांगले. दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. कुंदाने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"यावरच लिहायचीस?"

"काय?"

"आईचा दिवस." ती पातेलं पुसत होती. "वर्तमानपत्राच्या पुरवणीत तुझ्या ब्लॉगचं छापून आलं होतं. आमच्या संदीपने जुना कॉम्प्युटर माझ्यासाठी ठेवला होता. सासूबाईंना भरवून झालं की दीड वाजता बसायचे. आधी आई काय जेवली ते वाचायचं आणि मग आपलं ताट वाढून घ्यायचं."

मी नळ सोडला.

"मग एकदम बंद झालं. मी रोज उघडून बघायचे. वाटलं, बरं चाललंय. ताप आला तेव्हा लिहिलं होतंस की नाही? म्हटलं, पुन्हा काही झालं तर अक्का लिहील. लिहीत नाही, त्या अर्थी आई बरी आहे." तिने पातेलं पालथं घातलं. "का गं थांबलीस?"

"कुणी वाचत नव्हतं गं," मी म्हणाले. "गौतमीने आकडे दाखवले. म्हणाली, हे काढून टाका."

"मी होते की. एक तरी दिसत असेल ना?"

"एक-दोन दिसायचे. पण कुठले, कोण, ते त्यात दिसत नाही."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ओल्या हातावर हात ठेवला. "असू दे," ती म्हणाली. "तुला तरी काय माहीत."

त्या हातावर आमचं पुन्हा जुळलं. चार वर्षांचा अबोला त्या दुपारी संपला. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. आईच्या श्राद्धाला ती दरवर्षी येते, पाच भाज्या एकटी चिरते आणि मला चुलीपुढे उभं राहू देत नाही.

आता मी टाळलेलं सांगते.

आईला तीन दिवस ताप होता, त्यातल्या पहिल्या दिवशी मी सकाळी लिहिलं होतं, 'आज आईला ताप आहे. काही खाल्लं नाही.' संध्याकाळी आकड्यांचं पान उघडलं. हुबळीहून त्या दिवशी नऊ वेळा कुणी आलं होतं. साडेदहा, बारा, दीड, दोन, सव्वादोन, असं. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'ताप उतरला. मऊ भात खाल्ला.' त्यानंतर हुबळी एकदाच आली. त्या दोन ओळींवर सतरा मिनिटं थांबली.

दोन ओळींवर सतरा मिनिटं माणूस काय करतं, ते मला कळलं होतं.

आणि कळल्यावर मला राग आला. माझ्या घरात चोरून डोकावते, पण फोन करून 'अक्का, आई कशी आहे' असं विचारायला हिची जीभ झिजते. मनात म्हटलं, बंद करते. मग बघू कशी बोलत नाही. येईल झक मारत दारात. गौतमीचा सल्ला आयता हाताशी होता. गाव नेहमी बरोबर नसतं, हे तिचं वाक्यही मी जपून ठेवलं होतं. आकड्यांनी मला काहीच करायला लावलं नाही. आकड्यांनी तर मला स्वच्छ सांगितलं होतं, पलीकडे कोण आहे ते.

एक्स्चेंजमध्ये मी बत्तीस वर्षं काढली. त्यातली पहिली पंधरा ट्रंक बोर्डवर, जेव्हा एका गावचं बोलणं दुसऱ्या गावाला आम्ही हाताने दोरी लावून जोडत होतो. तिथे पहिल्या दिवशी शिकवलेला एक नियम होता. तीन मिनिटं होऊन गेली, पलीकडे शांत वाटलं, तरी दोरी तशीच उपटायची नाही. आधी कळ दाबून कानाला घ्यायचं आणि विचारायचं, 'बोलणं झालं का?' उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं. कुणी नुसतं रडत असतं, म्हणून आवाज येत नाही, असं आमच्या सुपरवायझरबाई सांगायच्या. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही बोलणं मधेच तुटलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी तसं भाषणात सांगितलंही होतं आणि मी मान खाली घालून हसले होते.

मी आता पंच्याहत्तरची झाले. पाककृती लिहिणं केव्हाच थांबवलंय. नेटवर आता माझ्याहून हुशार बायका चकली शिकवतात आणि माझा आलेख खाली येऊन जमिनीला टेकलाय. 'आईचा दिवस' मात्र मी पुसला नाही. त्यात दोनशे तीन नोंदी आहेत. आकड्यांचं पान अजून चालू आहे. त्यात इतर काही असो नसो, हुबळी असते. आता रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. सासूबाई जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी वेळ तीच. ती एक नोंद वाचते आणि जाते. पुढच्या वेळी तिच्या पुढची. शेवटच्या नोंदीशी आली की पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "अक्का, तू आईचं शेवटपर्यंत केलंस. माझ्या हातून काही झालं नाही. त्या जानेवारीत एक फोन केला असता तर ती मला भेटली असती. मीच ताठले. ही बोच माझ्याबरोबर जाणार बघ."

"असं नको गं म्हणू," मी म्हणाले. तिने दुसरं काहीतरी काढलं, फोन ठेवला.

तेरा वर्षं ती माझ्या वाटची बोच वागवतेय. मी ती तिला तशीच वागवू दिली.

म्हणून हे लिहिलं. फोनवर मला सांगता येणार नाही, तिच्या आवाजापुढे मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन. हे मी त्याच कप्प्यात टाकतेय, शेवटच्या नोंदीच्या पुढे. नाव गौतमीच्या नियमाने दिलंय, ज्याला शोधायचंय त्याला पाहताक्षणी कळेल असं. मात्र प्रमाण वर आणि लग्न खाली हे काही जमलं नाही. सांगायचं ते शेवटीच आलं. ज्याला वाचायचंय तो थांबेल.

कुंदे, आईने तुझी वाट पाहिली. तू येतेयस असं मी तिला पाटीवर लिहून दिलं होतं. ते केस तुझ्यासाठी विंचरले होते.

आत्ता सव्वा वाजलाय. फोन जवळ ओढून ठेवलाय. वाजला तर उचलीन. नाही वाजला, तर ती इथे किती वेळ थांबली होती तेवढं आकड्यांचं पान सांगेल.